अवकाशात जाणाऱ्या यंत्राची तोंडी परीक्षा

आपल्या कॉलेजात 'टेस्ट' हा शब्द कानावर पडला की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात : सिलॅबस किती, आणि पासिंग कितीला? म्हणजे आपल्या लेखी टेस्ट ही पास-नापास ठरवायची गोष्ट. पण टेस्टचा याहून वेगळा, आणि मला विचाराल तर इंजिनीअरला जास्त शोभणारा, अर्थ एका यंत्राच्या गोष्टीत सापडतो. त्या यंत्राचं नाव ए.एम.एस.-०२, म्हणजे अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर. साडेसात टनांचं हे धूड १६ मे २०११ रोजी 'एन्डेव्हर' या स्पेस शटलमधून निघालं आणि १९ मेपासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेरच्या सांगाड्यावर बसलेलं आहे. १९७६ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे सॅम्युएल टिंग हे या प्रकल्पाचे प्रमुख, आणि त्यात सोळा देशांचे शास्त्रज्ञ व इंजिनीअर सामील.

या लेखात मी सगळं यंत्र सांगणार नाही. त्याच्या पोटातला एकच भाग घेणार आहे, ट्रॅकर, म्हणजे कणांचा माग काढणारा भाग. आणि तोही वर काय करतो यापेक्षा वर जाण्याआधी त्याला किती परीक्षा द्याव्या लागल्या हे सांगणार आहे.

एक खुलासा आधीच करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे 'संवेग', 'विद्युतभार' वगैरे शब्द मी या लेखासाठी शब्दकोशातून उचलून आणले आहेत. जिथे आपला लॅबमधला शब्दच सोपा वाटला तिथे तोच ठेवलाय. मराठीच्या जाणकारांनी चालवून घ्यावं.

मुळात वर जायचंच कशाला?

१९१२ साली व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ बलूनमधून पाच किलोमीटरहून जास्त उंच गेला. बरोबर किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणं होती. तेव्हाची समजूत अशी की किरणोत्सर्ग जमिनीतून येतो, म्हणजे वर जाऊ तसा तो कमी व्हायला हवा. हेसला वर गेल्यावर तो वाढलेला दिसला. म्हणजे काहीतरी वरून येत होतं. त्यालाच पुढे वैश्विक किरण हे नाव पडलं. 'किरण' म्हणायचं एवढंच. प्रत्यक्षात ते कण असतात, साधारण नव्वद टक्के प्रोटॉन, नऊएक टक्के हेलियमची अणुकेंद्रकं, आणि उरलेल्यात जड केंद्रकं, इलेक्ट्रॉन वगैरे.

अडचण अशी की आपल्या डोक्यावर हवा आहे. ही सगळी हवा दाबून तिचं पाणी केलं तर तो थर सुमारे दहा मीटर जाडीचा होईल. अवकाशातून आलेला कण या थरात आपटतो, फुटतो, आणि खाली पोचतात ते त्याचे तुकडे. मूळ पाहुणा कोण होता हे तुकड्यांवरून नेमकं सांगणं कठीण. म्हणून यंत्रच वर न्यायचं.

आपल्याकडेही हे काम झालेलं आहे. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या शास्त्रज्ञांचा 'अनुराधा' नावाचा प्रयोग १९८५ साली 'चॅलेंजर' शटलमधून, स्पेसलॅब-३ मोहिमेत, आठवडाभर अवकाशात जाऊन आला. त्यात खास प्लॅस्टिकच्या चकत्यांची चवड होती. कण प्लॅस्टिकमधून जाताना न दिसणारा ओरखडा सोडतो. परत आल्यावर चकत्या रसायनात बुडवल्या की तो ओरखडा मोठा होऊन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.

यातला 'परत आल्यावर' हा शब्द महत्त्वाचा आहे. शंका आली तर चकती पुन्हा भिंगाखाली धरता येते. ए.एम.एस.-०२ मात्र परत येण्यासाठी पाठवलेलंच नाही. ते जे सांगेल तेवढंच आपल्या हातात. मग त्याच्या सांगण्यावर विश्वास किती ठेवायचा, हे ते जमिनीवर असतानाच ठरवून ठेवायला हवं. या लेखाचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

सिलिकॉनचे नऊ मजले

नऊ मजल्यांची एक इमारत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक मजल्याची फरशी सिलिकॉनची, जाडी फक्त ३०० मायक्रॉन, म्हणजे ०.३ मिलिमीटर. मधल्या मजल्यांच्या भोवती चुंबक. वरून कण आला की तो नऊही फरशा भेदून खाली जातो आणि प्रत्येक फरशीवर 'मी इथून गेलो' अशी खूण ठेवतो. नऊ खुणा जोडल्या की त्याची वाट मिळते. चुंबकामुळे ती वाट वाकते. धन विद्युतभाराचा कण एका बाजूला, ऋण भाराचा दुसऱ्या. संवेग जितका जास्त तितका बाक कमी. (कण खालून वर आला तर धन-ऋण उलटं वाटेल, म्हणून तो वरून आला की खालून हे सांगणारी वेगळी घड्याळं, म्हणजे टाइम ऑफ फ्लाइट काउंटर, या यंत्रात आहेत.)

ही फरशी म्हणजे आपण सेकंड इयरला शिकतो तो रिव्हर्स बायसमधला पी-एन डायोडच. कण आरपार जाताना सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन-होलच्या जोड्या तयार करतो. प्रोटॉनसारखा एका भाराचा वेगवान कण ३०० मायक्रॉनमध्ये साधारण २४,००० जोड्या करतो. आकडा मोठा वाटतो, पण कुलोंबमध्ये काढून बघा : ३.८ गुणिले दहाचा उणे पंधरावा घात. एवढासा भार पकडायचा. हेलियमचा भार दुप्पट, म्हणून जोड्या चौपट. कार्बनचा सहापट, म्हणून छत्तीसपट. त्यामुळे कण कुठून गेला याबरोबरच तो कोण होता याचाही अंदाज येतो.

फरशीवर बारीक पट्ट्या असतात, खालच्या आणि वरच्या बाजूला, एकमेकींना काटकोनात. बाक मोजणाऱ्या बाजूला वाचल्या जाणाऱ्या दोन पट्ट्यांमधलं अंतर ११० मायक्रॉन. नुसती कुठली पट्टी पेटली एवढंच बघितलं तर चूक येते ११० भागिले बाराचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३२ मायक्रॉन. पण भार शेजारच्या पट्ट्यांवरही थोडा थोडा वाटला जातो. कोणाला किती मिळाला ते मोजून गुरुत्वमध्य काढला की जागा सुमारे १० मायक्रॉनपर्यंत कळते. आपला केस ७०-८० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून काय ते समजा.

सात ते पंधरा सिलिकॉन चकत्या ओळीने जोडून एक 'लॅडर' होते. अशा १९२ लॅडर. प्रत्येकीला १,०२४ चॅनेल. गुणाकार केला की १,९६,६०८ चॅनेल येतात. आता परीक्षांकडे वळू.

पहिली परीक्षा : काहीच नसताना काय दिसतं?

स्क्रू गेज हातात घेतल्यावर पहिल्यांदा काय करायला शिकवतात? जबडे मिटून झिरो एरर बघायला. ट्रॅकरची पहिली परीक्षा तीच. कुठलाही कण नसताना प्रत्येक चॅनेल काहीतरी आकडा दाखवतंच. त्या आकड्याला पेडेस्टल म्हणतात. आपल्याकडे स्क्रू गेज एक, इथे जवळजवळ दोन लाख, आणि प्रत्येकाचा झिरो एरर वेगळा. शिवाय तो तापमानाबरोबर बदलतो.

पेडेस्टल वजा केलं तरी आकडा थरथरत राहतो. तो नॉइज. त्यातही दोन जाती. एक त्या चॅनेलचा स्वतःचा. दुसरा, एका चिपवरची सगळी चॅनेल एकदम वर-खाली होतात तो, कॉमन मोड नॉइज. हॉस्टेलवर व्होल्टेज पडलं की सगळ्या ट्यूबलाइट एकदम मिचमिचतात. तेव्हा आपण प्रत्येक ट्यूबला वेगळी शिवी देत नाही, वायरमनला देतो. इथेही चिपवरच्या सगळ्या चॅनेलची सामाईक हालचाल काढून ती सगळ्यांतून वजा करतात.

एवढं झाल्यावर यादी बनते : कुठली चॅनेल मुकी आहेत, कुठली उगाच बडबडतात, कुठल्या पट्टीतून करंट गळतो. गंमत म्हणजे वाईट चॅनेल असलं म्हणून लॅडर लगेच नापास होत नाही. दोन लाखांत काही बिघडलेली असणारच. ती कुठली हे माहीत असलं की झालं, हिशेबात ती वगळता येतात. धोका असतो तो बिघडूनही शहाण्यासारखं दिसणाऱ्या चॅनेलचा. पेडेस्टल थोडं जरी चुकलं तरी गुरुत्वमध्य सरकतो, गुरुत्वमध्य सरकला की बाक बदलतो, आणि बाक बदलला की संवेग चुकतो.

दुसरी परीक्षा : फुकटचे म्युऑन

वर म्हटलं की वैश्विक किरण हवेत फुटतात आणि तुकडे खाली येतात. त्यातले म्युऑन नावाचे कण थेट जमिनीपर्यंत पोचतात. आडव्या ठेवलेल्या दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक. हा लेख वाचता वाचता तुमच्या तळहातातून शेकडो गेले असतील. खगोलवाल्यांना ज्याचा त्रास, तोच डिटेक्टरवाल्यांना फुकटचा पाहुणा. यंत्र टेबलावर ठेवा, चालू करा आणि वाट बघा.

म्युऑनचा मुख्य उपयोग होतो जागा जुळवायला. लॅडर बसवताना कितीही काळजी घेतली तरी ती ठरल्या जागेपासून थोडी सरकलेली असतेच. पण एकच म्युऑन सगळ्या मजल्यांतून गेला, आणि आठ खुणा एका वाटेवर नीट बसल्या पण नववी नेहमी उजवीकडेच पडतेय, तर दोष म्युऑनचा नाही, नवव्या फरशीचा. हजारो वाटा गोळा करून हे सगळं एकदम सोडवतात. याला अलाइनमेंट म्हणतात. फरशी तसूभरही हलवायची नाही, फक्त तिचा खरा पत्ता कागदावर दुरुस्त करायचा.

तिसरी परीक्षा : हवा नाही, ऊन आणि थंडी मात्र आहे

अवकाश स्थानक दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं. म्हणजे दिवसाला साधारण सोळा सूर्योदय. दर फेरीत ऊन-सावलीचा खेळ, आणि हवा नसल्यामुळे पंख्याने थंड करण्याचा प्रश्नच नाही. त्याआधी शटलच्या उड्डाणाचा हादरा वेगळाच. सिलिकॉनच्या पट्ट्या चिपला जोडणाऱ्या तारा केसापेक्षा बारीक असतात हे लक्षात घ्या.

म्हणून यंत्राच्या भागांना आधी हलवून, तापवून, गारठवून बघतात. ए.एम.एस.-०२ तर जुळणी झाल्यावर अख्खंच्या अख्खं नेदरलँड्समधल्या नोर्डवाइक इथे, युरोपीय अवकाश संस्थेच्या एस्टेक केंद्रात नेलं होतं. तिथे अवकाशासारखी पोकळी आणि थंडी निर्माण करणारी प्रचंड मोठी टाकी आहे. २०१० च्या सुरुवातीला या टाकीत यंत्राची चाचणी झाली.

आणि इथेच गोष्टीला कलाटणी मिळाली. मूळ डिझाइनमध्ये सुपरकंडक्टिंग चुंबक होता. तो गार ठेवायला सुमारे अडीच हजार लिटर अतिप्रवाही हेलियम. चुंबक बलवान खराच, पण हेलियम हळूहळू उडून जाणार, आणि संपला की चुंबकही संपला. चाचणीच्या आकड्यांवरून तो दोन-तीन वर्षांच्या आसपास पुरेल असं दिसत होतं. तिकडे अवकाश स्थानकाचं आयुष्य तर वाढवलं जात होतं. वर जाऊन हेलियम भरून येणारं कोणी नव्हतं. मग एप्रिल २०१० मध्ये निर्णय जाहीर झाला : सुपरकंडक्टिंग चुंबक काढायचा आणि त्याजागी कायमस्वरूपी चुंबक बसवायचा. तोही नवा नाही. १९९८ मध्ये ए.एम.एस.-०१ या धाकट्या यंत्रात दहा दिवस अवकाशात जाऊन आलेला जुनाच. ताकद पाच-सहापट कमी, सुमारे ०.१५ टेस्ला. पण ना हेलियम लागतो ना वीज.

आता एवढ्या कमी ताकदीत बाक मोजायचा कसा? हा हिशेब आपल्यालाही करता येतो. वाकलेली वाट मध्यभागी सरळ रेषेपासून किती फुगते याचं सूत्र असं : ०.३ गुणिले चुंबकीय क्षेत्र (टेस्लामध्ये) गुणिले लांबीचा वर्ग (मीटरमध्ये), भागिले आठ पट संवेग (जी.ई.व्ही.मध्ये). क्षेत्र ०.१५, लांबी १ मीटर, संवेग ४०० घाला. उत्तर येतं सुमारे १४ मायक्रॉन. आणि आपली मोजण्यातली चूक १० मायक्रॉन! म्हणजे जेमतेम पासिंग.

त्यांनी यावर काढलेला उपाय मला फार आवडला. त्यांनी सिलिकॉनच्या फरशांची मांडणी बदलली. एक फरशी अगदी वर, यंत्राच्या माथ्यावर नेली, एक अगदी खाली. मधली उंची एक मीटरची तीन मीटर झाली. चुंबकातून बाहेर पडल्यावर कण सरळच जातो, पण तिरका झालेला असतो. त्यामुळे जितकं लांब जाऊन बघाल तितका फरक मोठा दिसतो. चुंबकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर मोकळी जागा धरून मी ढोबळ हिशेब केला, तर तोच फुगवटा १४ चा ७० मायक्रॉन होतो. बरोबर पाचपट. चुंबकात गमावलेलं अंतराने भरून काढलं. कॅरममध्ये स्ट्रायकरचा कोन जरासा चुकला तर जवळची सोंगटी तरीही लागते, लांबची मात्र हुकते. तत्त्व तेच, फक्त इथे हुकण्याचाच फायदा करून घेतला.

पण याची किंमत होती. चुंबक बदलला, फरशा हलल्या, म्हणजे आधीची सगळी अलाइनमेंट आणि फेब्रुवारी २०१० मध्ये झालेली बीमची चाचणी जुनी झाली. उड्डाण तोंडावर आलेलं. मूल्यमापन पुन्हा पहिल्यापासून.

चौथी परीक्षा : उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न

प्रॅक्टिकलला बसण्याआधी उत्तर काय यायला हवं हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पेंडुलमवरून g काढायचा असेल तर ९.८ च्या आसपास. मग त्यावरून उलटी रीडिंग बनवणं ही कुठल्याही हॉस्टेलातली जुनी लोककला. ऑगस्ट २०१० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्नमध्येही शास्त्रज्ञांना उत्तर आधीच माहीत होतं. फरक असा की ते जुळवायला नव्हे, किती जुळत नाही हे बघायला बसले होते.

सर्नमध्ये एस.पी.एस. नावाचा कणवेगवर्धक आहे. त्यातून हव्या त्या जातीचे, हव्या त्या संवेगाचे कण सोडता येतात. ४०० जी.ई.व्ही.चा प्रोटॉन सोडला हे पक्कं माहीत. आता ट्रॅकर काय म्हणतो? तो कधी ३८० म्हणेल, कधी ४३०. हजारो कणांनंतर त्याच्या उत्तरांचा एक घंटेसारखा आलेख तयार होतो. घंटेची रुंदी म्हणजे या यंत्राची सवयीची चूक. घंटेचा मध्य ४०० वर नसेल, तर ती पक्षपाती चूक, आणि ती अलाइनमेंटमध्ये शोधायला हवी. आणि घंटेच्या टोकांना लांबवर पडलेले जे चुकार ठिपके असतात ते सगळ्यात महत्त्वाचे. ते का, हे शेवटी सांगते.

नुसते प्रोटॉन सोडून भागत नाही. १८० आणि ४०० जी.ई.व्ही.चे प्रोटॉन, १० ते २९० जी.ई.व्ही.चे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन, १० ते १८० जी.ई.व्ही.चे पायॉन, असे मिळून १८ प्रकार झाले. कण अवकाशातून कुठूनही येतो, म्हणून सगळं यंत्र वळवून, सरकवून सुमारे २,००० जागांवर बीमचा मारा केला. एक लक्षात घ्या. इथे यंत्र जगाला प्रश्न विचारत नाही, आपण यंत्राला विचारतोय. म्हणून मी याला तोंडी परीक्षा म्हणते. एक्स्टर्नल चांगला असेल तर तो तुम्हाला काय येतं यावर थांबत नाही. कुठे गेल्यावर तुमचं उत्तर डळमळतं ती सीमा तो शोधतो. या ट्रॅकरची सीमा प्रोटॉनसाठी सुमारे २,००० जी.ई.व्ही. निघाली. त्यापुढे वाट इतकी सरळ होते की बाकाची आणि चुकीची मापं सारखीच होतात.

परीक्षा आटोपली आणि २६ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकी हवाईदलाच्या अजस्र सी-५ गॅलेक्सी विमानातून यंत्र फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरकडे रवाना झालं.

वर गेल्यावरही परीक्षा चालूच

वर गेलं म्हणून परीक्षा सुटली नाही. दर फेरीत दोनदा, साधारण ४६ मिनिटांनी, ट्रॅकर पुन्हा आपली पेडेस्टल तपासतो. आतल्या सात फरशा कार्बन फायबरच्या सांगाड्यात घट्ट बसलेल्या आहेत. पण सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची उन्हा-सावलीबरोबर सरकत राहतात. त्यांचा पत्ता दर दोन मिनिटांच्या वैश्विक कणांवरून पुन्हा काढला जातो आणि ५-६ मायक्रॉनपर्यंत अचूक ठेवला जातो. जमिनीवर म्युऑन वापरून जे शिकले तेच तंत्र, फक्त आता पाहुणे अस्सल.

तरीही सगळं जमिनीवर कळत नाही. ट्रॅकरचं इलेक्ट्रॉनिक्स सुमारे दीडशे वॉट उष्णता सोडतं. ती बाहेर न्यायला कार्बन डायऑक्साइड फिरवणारे पंप होते. चालायला एक पुरे, म्हणून चार दिले होते. पण मोहीम मुळात तीन वर्षांची आखलेली. चुंबक बदलून आयुष्य वाढवलं, पंप मात्र जुन्याच हिशेबाचे. २०१४ पासून ते एकेक करून बिघडायला लागले. यंत्र दुरुस्तीसाठी बनवलेलंच नव्हतं. अंतराळवीराला धरायला जागा नाही, स्क्रू हातमोज्यात न मावणारे. शेवटी नवी हत्यारं बनवली, ह्यूस्टनच्या पाण्याच्या टाकीत सराव केला, आणि लुका परमितानो व अँड्र्यू मॉर्गन यांनी नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात चार वेळा स्थानकाबाहेर पडून जुन्या नळ्या कापल्या, नवी शीतकरण यंत्रणा जोडली आणि शेवटच्या खेपेला एक गळतीही बंद केली. रिपेअरवाला पोचला खरा, पण किती कष्टाने!

एवढा खटाटोप कशासाठी?

आता ते चुकार ठिपके. ए.एम.एस.ला जे शोधायचंय त्यातली एक गोष्ट म्हणजे अँटिहेलियम, हेलियमचं उलट्या भाराचं केंद्रक. विश्वाच्या सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच असावं असं मानतात. मग प्रतिद्रव्य गेलं कुठे हा मोठा प्रश्न आहे. अवकाशातून अँटिहेलियमचं एक केंद्रक जरी खात्रीने सापडलं तरी पाठ्यपुस्तकांची पानं बदलावी लागतील. ए.एम.एस.-०१ ने दहा दिवसांत सांगितलं की दहा लाख हेलियममागे एकसुद्धा दिसत नाही. ए.एम.एस.-०२ ने तर आतापर्यंत वीस हजार कोटींहून जास्त कण नोंदवले आहेत. त्यात हेलियमही कोट्यवधी.

आता विचार करा. एखादं साधं हेलियम केंद्रक मधल्या फरशीतल्या सिलिकॉनच्या अणूवर आपटलं, किंचित वळलं, आणि त्याचा बाक उलट्या बाजूला दिसला. ट्रॅकर प्रामाणिकपणे सांगेल, 'ऋण भार.' हे कोट्यवधींत एकदाच घडत असेल. पण आपण शोधतोय तेसुद्धा शंभर कोटींत एक! खरा पाहुणा आणि यंत्राची चूक दोघंही सारखेच दुर्मीळ, सारख्याच कपड्यांत. त्यांना वेगळं ओळखायचा एकच मार्ग : आपलं यंत्र कशा प्रकारे आणि किती वेळा चुकतं हे आधीपासून माहीत असणं. १,९६,६०८ झिरो एरर, म्युऑन, टाकी आणि बीमच्या २,००० जागा हे सगळं त्या एका माहितीसाठी होतं.

डिसेंबर २०१६ मध्ये सर्नमधल्या व्याख्यानात टिंग यांनी अँटिहेलियमसारखे दिसणारे काही मोजके संशयित दाखवले. आणि लगेच सांगितलं की खात्रीसाठी आणखी डेटा आणि डिटेक्टरची आणखी तपासणी हवी. त्यानंतर इतकी वर्षं झाली, अँटिहेलियम सापडल्याची घोषणा त्यांनी अद्याप केलेली नाही. उलट ट्रॅकरच्या माथ्यावर आणखी एक मोठा सिलिकॉनचा थर, 'थर शून्य', बसवण्याची तयारी त्यांनी हाती घेतली, आणि त्याच्या लॅडरही सर्नच्या बीमसमोर तपासल्या गेल्या. हातात खळबळजनक बातमी असताना 'अजून नाही' म्हणायला धीर लागतो. आणि तो धीर येतो आपल्या यंत्राची चूक आकड्यांत माहीत असण्यातून.

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा डेमो असतो तेव्हा सर्किट चाललं, एल.ई.डी. पेटला, की टाळ्या पडतात. ते 'चालतं' एवढं सिद्ध होतं. यंदा त्या सर्किटशेजारी तीन ओळींचा एक तक्ता लावून बघूया का? इनपुट काहीच नसताना आउटपुट किती येतं. उत्तर माहीत असलेल्या इनपुटला किती चूक येते. आणि कुठल्या रेंजच्या पलीकडे आमच्या यंत्रावर विश्वास ठेवू नये. एक्स्टर्नल त्या तिसऱ्या ओळीवर नक्की बोट ठेवतील. ठेवू देत. उत्तर आपल्याकडे तयार असेल.